जीवाचा घोर: नागपूरच्या भिंतीपासून गावच्या ओट्यापर्यंत



गटाच्या बैठकीत हिशेब झाला, वही मिटली, की बायका खऱ्या बोलू लागतात. एक म्हणते, "रात्रभर इचार येतात, झोपच लागत नाही." दुसरीचा जीव घाबरा होतो. तिसरीच्या छातीत धडधड होते, डोके भणभणते, हातपाय गार पडतात. ती दवाखान्यात जाऊन आलेली असते, ईसीजी चांगला निघालेला असतो. मग घरचे म्हणतात, "तुला काही झालं नाही, मनाचे खेळ आहेत." आणि ती गप्प बसते. मनाचे दुखणे सांगितले की पुढचा शब्द ठरलेला असतो, 'येडी झाली.'

मनाच्या दुखण्याची एवढी लाज आपल्याकडे कशी आली आणि त्यावर आपल्या भागात काय काय उपाय झाले, याची गोष्ट आज सांगते. ती दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि बरीचशी आपल्या नागपूर-वर्धा-अमरावती पट्ट्यातच घडली आहे. उपचार बाईच्या दारापर्यंत यायला फार वर्षे लागली. आता तो आला आहे, तर तो कसा आला हे आपल्याला माहीत असावे.

जात्यावरचे बोलणे

डॉक्टर नव्हते तेव्हाही घोर होताच. तेव्हा बायकांजवळ जाते होते. पहाटे घर झोपलेले असताना दोघी समोरासमोर बसायच्या आणि दिवसभर जे बोलता येत नाही ते ओवीत बोलायच्या. सासुरवास, माहेरची वाट, लेकीचा जन्म, गरिबी, विठ्ठल, पुढे बाबासाहेब, सगळे त्या ओव्यांत आले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवें यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांना सोबत घेऊन अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एवढ्या बायकांना एवढे सांगायचे होते.

आजचा समुपदेशक काय मागतो? रोजची ठरलेली वेळ, विश्वासाचा कान, मनातले शब्दांत येणे. जात्यावर हे तिन्ही होते. वर हात एका लयीत फिरायचा आणि गाताना श्वास आपोआप लांब व्हायचा. पुढे गावात पिठाची चक्की आली आणि जाते कोपऱ्यात गेले. हातावरचे घट्टे गेले ते चांगलेच झाले, त्याचे कुणी वाईट वाटून घेऊ नये. पण बायकांची ती हक्काची घटकाही त्याबरोबर गेली. आणि हेही खरे, की ओवीने जीव हलका व्हायचा, मारझोड थांबत नव्हती. बोलण्याने काय होते आणि काय होत नाही, हा मुद्दा पुढे परत येणार आहे.

नागपूरची भिंत

आपला वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला १८६२ साली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६४ मध्ये, नागपूरला मनोरुग्णालय सुरू झाले. त्याआधी १८५८ मध्ये इंग्रज सरकारने मनोरुग्णांच्या आश्रयगृहांचा कायदा केला होता. त्या कायद्यात उपचारापेक्षा बंदोबस्ताला जास्त महत्त्व होते. रस्त्यावर फिरणाऱ्या, लोकांना धोकादायक वाटणाऱ्या माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे आणि आत पाठवायचे. लोकांनी त्या जागेला 'पागलखाना' म्हटले, आणि "नागपूरला पाठवू का?" ही धमकी घराघरांत शिरली.

त्या भिंतीने मनाच्या दुखण्याची दोनच घरे शिल्लक ठेवली. एक तर माणूस शहाणा, नाही तर आत टाकण्यासारखा. रात्रभर झोप न लागणारी, पण सकाळी उठून भाकरी थापणारी आणि वावरात निंदायला जाणारी बाई या दोन्हींत बसत नव्हती. तिच्यासाठी उरले गावातले उपाय. कुणी म्हणाले बाहेरचे आहे, कुणी भगताकडे नेले, कुणी बांधून मारले. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरला, तोवर किती जणींनी मार खाल्ला असेल याची मोजदाद नाही.

नागपूरचे ते रुग्णालय आजही आहे. आता तिथे बाह्यरुग्ण विभाग चालतो, माणूस तपासून, औषध घेऊन संध्याकाळी घरी येतो. पण जुनी भीती अजून गेली नाही, म्हणून तिचे मूळ सांगितले.

सेवाग्रामची विश्रांती

आता आपल्या घरच्या इतिहासाकडे येऊ. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला शेगावला आले. त्याच गावाला पुढे सेवाग्राम नाव मिळाले. त्याच्या आधीच, १९३५ च्या डिसेंबरात, वर्ध्याला मगनवाडीत असताना त्यांची प्रकृती ढासळली होती. रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. हे दुखणे त्यांना पुढेही होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये त्यांचा रक्तदाब १९४/१३० नोंदलेला आहे.

रक्तदाब म्हणजे चिंता नव्हे, दोन्ही वेगळी दुखणी आहेत. पण मनावरचा ताण शरीराला लागतो हे त्यांनी ओळखले होते आणि त्यासाठी दिवस आखून घेतला होता. सकाळ-संध्याकाळ चालणे, मालिश, मातीची पट्टी, प्रार्थना, चरखा आणि सोमवारचे मौन. देशाचे काम अंगावर असताना आठवड्यात एक दिवस तोंड बंद ठेवायचे, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाळले. त्याआधी १९२७ मध्ये कोल्हापूरला ते आजारी पडले, तेव्हा त्यांनी लोणावळ्याच्या स्वामी कुवलयानंदांचा योगाबाबत सल्ला घेतला होता. कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केले होते, आणि आसन-प्राणायामाने शरीरात काय बदलते हे ते यंत्रे लावून तपासत होते.

इथे एक गोष्ट मात्र बोललीच पाहिजे. गांधीजींच्या विश्रांतीची वेळ सांभाळायला आश्रमात माणसे होती. त्यात बायका होत्या, कस्तुरबा होत्या. आपल्या विश्रांतीची वेळ कोण सांभाळते? बाई दुपारी दहा मिनिटे आडवी झाली तरी "काय झालं, बरं नाही का?" असे विचारतात. विश्रांतीसाठी आजारी पडावे लागते, हीच आपली अडचण आहे. घरात एकदा सांगून, ठरवून घेतल्याशिवाय ही वेळ मिळत नाही.

कस्तुरबांच्या नावाचा दवाखाना सेवाग्रामला उभा राहिला आणि १९६९ मध्ये डॉ. सुशीला नय्यर यांनी तिथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. तिथे आज मानसोपचार विभाग आहे. आपल्या जिल्ह्यातल्या बाईला मनाच्या डॉक्टरसाठी नागपूर गाठायची गरज नाही.

अंग ढिले सोडण्याची विद्या

त्याच १९६९ साली मुंबईच्या डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास छापला. त्यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले. रोज निपचित पडून श्वासाकडे लक्ष द्यायचे, एवढेच. अनेकांचा रक्तदाब उतरला आणि काहींच्या औषधाची मात्रा कमी करता आली. तिकडे अमेरिकेत एडमंड जेकबसन या डॉक्टरांनी १९२९ मध्ये पुस्तक लिहून सांगितले होते की काळजीत असलेल्या माणसाचे स्नायू त्याच्या नकळत आवळलेले राहतात. ते आधी मुद्दाम आवळून मग सोडायला शिकवले, की मनही सैल पडते.

यामागचे कारण सोपे आहे. समोर साप दिसला की शरीर पळायची तयारी करते. छाती धडधडते, श्वास वरच्या वर होतो, हातपाय ताठ होतात. कर्जाची नोटीस आली तरी शरीर तेच करते, त्याला साप आणि नोटीस यांतला फरक कळत नाही. साप निघून जातो, नोटीस मात्र महिनोन्महिने घरात असते. म्हणून शरीराला "आता पळायचे नाही" हे आपणच सांगावे लागते.

ते असे सांगायचे. पाठ टेकून बसा किंवा आडव्या व्हा. एक हात पोटावर ठेवा. नाकाने श्वास घेताना मनात चार मोजा, सोडताना सहा मोजा. सोडणे घेण्यापेक्षा लांब हवे. पाच मिनिटे करा. मग मुठी पाच आकडे घट्ट आवळा आणि सोडून द्या. तसेच खांदे कानापर्यंत उचलून सोडा, कपाळ, जबडा, पोट, पायाचे पंजे. जिथे दुखते तिथे आवळू नका. विचार आले तर येऊ द्या, पुन्हा श्वासाकडे या. पहिल्या दिवशी काही वाटणार नाही, महिनाभर रोज केले तर फरक कळतो. जीव घाबरा झाल्यावरच शिकायला बसू नका, बरे असताना सवय करा.

कापूस, कर्ज आणि मागे राहिलेल्या

पण श्वासाने सातबारा नावावर होत नाही. म्हणून गोष्टीचा पुढचा भाग ऐका.

आपल्या भागाची झोप कापसाच्या भावाशी बांधलेली आहे. पाऊस, भाव, बोंडअळी, खाजगी कर्ज यांत नव्वदीनंतर विदर्भात शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढत गेल्या. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम आणि आपला वर्धा. पॅकेज पाण्याचे, व्याजाचे, बियाण्यांचे होते. गेलेल्याची चर्चा झाली, कारणे मोजली गेली. मागे राहिलेल्या बाईला "तुला झोप लागते का?" हे विचारणारे माणूस फार उशिरा आले.

महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत अशा ५०५ जणींना भेटून माहिती घेतली. त्यांतल्या ४० टक्के जणींना त्या कसत असलेल्या शेतीवर हक्क मिळालेला नव्हता. म्हणजे कर्ज, मुले, सासू-सासरे तिच्या वाट्याला, जमीन मात्र दुसऱ्याच्या नावावर. अशा बाईला "टेन्शन घेऊ नको" म्हणणे म्हणजे तिची थट्टा आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारने या महिलांच्या हक्कांसाठी शासन निर्णय काढला, तो अशा मागण्यांच्या रेट्यामुळे.

यातून एक धडा मिळतो. घोराचे दोन भाग पाडायचे. एका भागाला श्वास, झोप, बोलणे, गरज असेल तर गोळी लागते. दुसऱ्या भागाला तलाठी, तहसील, बँक लागते. एकाचे औषध दुसऱ्याला देऊन चालत नाही.

ओट्यावर आलेला उपचार

बोलून करायचा उपचार, म्हणजे समुपदेशन किंवा थेरपी, ही डॉक्टरांचीच मक्तेदारी आहे असे पूर्वी वाटायचे. ती समजूत मोडण्यात आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्याचा वाटा आहे. तिथल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना आणि समुपदेशकांना शिकवले, ते घरोघरी गेले, छोट्या बैठकांत बोलले, आणि जास्त त्रास असलेल्यांना डॉक्टरपर्यंत पोहोचवले. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. आधी उदासीनतेचा आजार असलेल्या शंभरांपैकी चारच जण उपचार घेत होते, दीड वर्षानंतर २७ घेऊ लागले. जगणे नको असे विचार येणाऱ्यांचे प्रमाणही ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतही साध्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा-आठ भेटींत असेच काम करून दाखवले.

आफ्रिकेतल्या झिम्बाब्वे देशाची गोष्ट तर आपल्या ओट्यावरचीच वाटते. २००६ मध्ये तिथे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी १४ आज्यांना समुपदेशन शिकवले. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकला, आजी त्यावर बसायची आणि येणाऱ्याचे ऐकायची. त्यांच्या भाषेत या दुखण्याला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'फार विचार करणे'. आपण म्हणतो 'इचार येतात', अगदी तेच. २०१६ मध्ये छापलेल्या अभ्यासात ५७३ जण होते. सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारावर असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना उदासीनतेचा त्रास उरला होता, आजीच्या बाकावर बसलेल्यांत तो सुमारे १४ टक्क्यांना होता.

आजी काय करायची? उपदेश करत नसे. आधी सगळे ऐकायची. मग अडचणींची यादी करायची आणि "यातली एक निवड" म्हणायची. त्या एका अडचणीवर पुढच्या भेटीपर्यंत करता येईल असे एक छोटे काम ठरवायची. पुढच्या भेटीत विचारायची, झाले का? नाही झाले तर दुसरे.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. मायक्रोफायनान्सच्या हप्त्याने एखादीची झोप उडाली आहे. ती म्हणते, "माझं सगळं संपलं." हा विचार आहे, घटना नाही. घटना एवढीच की दोन हप्ते थकले आणि वसुलीवाला रात्री दारात येतो. दोन्ही वेगळे केले की वाट दिसते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे अशा कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करून त्रास देता येत नाही, शिवीगाळ-धमकी तर नाहीच. मग या आठवड्याचे काम एकच. गटातल्या दोघींनी सोबत जाऊन शाखेत लेखी तक्रार द्यायची आणि पोच घ्यायची. कर्ज फिटले नाही, पण रात्रीची धास्ती कमी झाली. घटना, विचार आणि शरीर यांची गाठ अशी सोडवत जाणे, यालाच थेरपी म्हणतात.

कधी दाखवायचे, कुठे दाखवायचे

दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कामात हात चालत नाही, रडू येते किंवा काहीच वाटत नाही, असे झाले तर गटातल्या बोलण्यावर थांबू नका, डॉक्टरला दाखवा. धडधड आणि थकवा रक्त कमी असल्याने किंवा थायरॉईडमुळेही होतो, पाळी जाण्याच्या काळातही होतो, म्हणून तपासणी आधी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर मनाने बंद करू नका, आणि मेडिकलमधून झोपेची गोळी परस्पर आणू नका.

एखादी म्हणाली की आता जगावेसे वाटत नाही, तर ते नाटक समजू नका. तिला सरळ विचारा. विचारल्याने कुणी तसे करायला प्रवृत्त होत नाही. तिला एकटी सोडू नका. घरातले फवारणीचे औषध कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. पोलिसांच्या भीतीने लपवू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की असा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानावे, आणि तिची काळजी घेणे हे सरकारचे काम आहे. १८५८ च्या बंदोबस्तापासून इथपर्यंत यायला १५९ वर्षे लागली.

सरकारने १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणला, १९९६ पासून तो जिल्ह्यांपर्यंत नेण्यास सुरुवात झाली. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी राज्याने 'प्रेरणा प्रकल्प' काढला आणि आशाताई घरोघरी प्रश्न विचारू लागल्या. त्यांना खरे उत्तर द्या. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' सुरू आहे. नंबर आहे १४४१६. फोन फुकट, रात्री-बेरात्री केव्हाही, आणि मराठीत बोलता येते.

गटांसाठी माझे म्हणणे थोडके आहे. बैठकीच्या शेवटी दहा मिनिटे राखून ठेवा. पाच मिनिटे श्वास, पाच मिनिटे एकीचे ऐकणे. तिथले बोलणे बाहेर न्यायचे नाही, हा नियम आधी करा. सल्ला द्यायची घाई करू नका, "यातली एक निवड" एवढे म्हणा. आणि १४४१६ हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर, अध्यक्ष-सचिवांच्या नावांखाली, लिहून ठेवा.